ढगात शिरायचं लायसन्स

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत छोटी विमानं उडवणाऱ्या हौशी मंडळींवरचा लेख वाचला, मस्त होता, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगात बाहेरचं काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर उडायचा परवाना, प्रत्येकाने घ्यायलाच हवं असं जे ठोकून दिलंय ते काही पटलं नाही. मी इथे सॅन होजेहून भाड्याचं सेसना १७२ हे छोटं विमान उडवतो, रेटिंग घेऊन ४ वर्षं झाली, म्हणून लिहितोय.

फायदा आहेच हो. उन्हाळ्यात मॉन्टरेला सकाळी समुद्रावरून ढग येऊन पसरतात, जेमतेम हजार-दीड हजार फूट, त्याच्या वर लख्ख ऊन. रेटिंग नसेल तर बसा खाली कॉफी पीत.

पण ते मिळवायला किमान ४० तास लागतात, त्यातले बहुतेक डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून लावायची झापड) लावून नुसते काटे बघत, आणि मिळाल्यावर दर ६ महिन्यांत ६ अ‍ॅप्रोच (काट्यांवर धावपट्टीकडे उतरत येणं), शिवाय होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणं) करावं लागतं, नाहीतर ढगात जाता येत नाही. नोकरी, पोरांचे क्लास, विमानाचं भाडं, यात माझं दोनदा लॅप्स झालं. आणि ढगात कान फसवतात, विमान हळूहळू वळत असलं तरी आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि वाटतं आपण सरळच चाललोय, तेव्हा कानाचं न ऐकता काट्याचं ऐकायचं ही सवय सायकलसारखी नाहीये, दोन-तीन महिन्यांत हातातून जाते.

१९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन केनेडी ज्युनिअर रात्री धुरकट हवेत विमानासकट समुद्रात गेला, त्याच्याकडे रेटिंग नव्हतं, हे उदाहरण सगळेच देतात. पण २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या हेलिकॉप्टरचा पायलट? त्याच्याकडे होतं. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीला ढगातून उडायची परवानगी नव्हती, तरी ढगात शिरला, दिशेचं भान गेलं, ९ माणसं गेली.

हिवाळ्यात डोंगरातल्या टाहो तलावाला जायचं तर वेगळाच प्रॉब्लेम, वाटेतल्या सिएरा डोंगररांगेच्या ढगात पंखांवर बर्फ धरतो आणि १७२ ला तो काढायची सोय नसते, म्हणजे रेटिंग खिशात ठेवून घरीच बसायचं.

महिन्यातून दोनदा तरी उडत असाल तर जरूर घ्या. वर्षाला १५-२० तासवाल्यांनी मात्र तेच पैसे जास्त उडण्यावर घालावेत, आणि साध्या लायसन्सच्या वेळी हूडखाली ३ तास करून घेतात ना, ढगातून मागे वळून बाहेर कसं यायचं ते, तेवढं दर वर्षी इन्स्ट्रक्टरकडून घोटून घ्यावं.

माझं सध्या परत लॅप्स आहे. शनिवारी मित्राला सेफ्टी पायलट म्हणून, म्हणजे माझ्याऐवजी बाहेर नजर ठेवायला, शेजारी बसवून हूड लावणार, तोवर आपली कॉफीच.

– एक हौशी पायलट, सॅन होजे, कॅलिफोर्निया