काकू, निगेटिव्ह वाचायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू की कोकम सरबत?" विचारून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव मात्र घालत नाही. नाहीतर रत्नागिरीतली फिल्मवेडी पोरं उद्या तुमच्या दारात येऊन बसतील.

फिल्म कॅमेरा हातात घेणाऱ्या नवख्याला सगळे जण कॅमेऱ्याबद्दल सांगतात. मुंबईच्या बोरा बाजारात काय भाव चाललाय, टॉर्च मारून लेन्समधली बुरशी कशी बघायची, मागचं झाकण उघडल्यावर काळ्या फोमचा चुरा बोटाला लागला तर तो फोम आधी बदलून घ्यायचा. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डाव्या हाताची रिवाइंडची खुंटी फिरतेय ना, तेही बघायचं. ती फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही. हे सगळं कामाचं आहे. पण रोल संपल्यावर पुढे काय, असं विचारलं की उत्तर एकच: लॅबला कुरिअर करा. मग फोनवर स्कॅन येतात, लोक त्यांना 'फिल्म लूक' म्हणतात आणि निगेटिव्ह परतसुद्धा मागवत नाहीत. मला हे कधी पटलं नाही.

तुम्ही एसएलआर कॅमेरा कधी हातात धरला नव्हतात. पण सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे विभागात, सगळं संगणकावर जायच्या आधी, तुम्ही रोज फिल्म धुतलीत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' फिल्मचे डबे उघडले की कसला वास यायचा, ते अजून सांगता. स्टीलच्या हँगरला फिल्म लावून टाकीत सोडायची, वर-खाली हलवायची, घड्याळ बघायचं. मला शिकायचं होतं ते सगळं तुमच्या हातात आधीपासून होतं.

लाल दिव्याचं तुम्ही पहिल्याच दिवशी निकालात काढलंत. एक्स-रे फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून तिथे लाल दिवा चालायचा. कॅमेऱ्यातल्या आजच्या कृष्णधवल फिल्मला सगळे रंग दिसतात, त्यामुळे मिट्ट काळोखच हवा. सिनेमातली लाल उजेडाची डार्करूम असते ती कागदावर प्रिंट काढायची. मग मुदत संपलेला एक रोल माझ्या हातात दिलात: आधी उजेडात धुण्याच्या टाकीतल्या रिळावर चढव, मग डोळे मिटून, मग बाथरूममध्ये दाराच्या फटीत गोधडी कोंबून. एकदा मध्येच वीज गेली, तेव्हा "बरं झालं, गोधडी नको" म्हणालात! आपल्याकडच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म चिकटते आणि अर्ध्यात अडून बसते. रीळ उन्हात ठणठणीत वाळवून घे आणि हात कोरडे कर, या एका सूचनेने माझे कितीतरी रोल वाचले असतील.

पाण्याच्या बाबतीत तुम्ही जास्तच कडक. एचपी५ या कृष्णधवल फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. पण रत्नागिरीत मे महिन्यात नळाला २० अंशांचं पाणी कुठून यायचं? पाणी जितकं गरम तितका वेळ कमी, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, आकाशात पट्टे उठतात. म्हणून बर्फाच्या परातीत डेव्हलपरची बाटली, आणि त्यात तुमचा थर्मामीटर. डेव्हलपर ओतल्याबरोबर टाकी ओट्यावर दोनदा आपटायची, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. तुम्ही एक्स-रेचा हँगर टाकीच्या काठावर आपटायचात, तसंच.

हायपोचंही, म्हणजे उमटलेला फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचंही, तसंच. पाकिटावरच्या वेळेवर तुमचा विश्वास नाही. रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा वाटीतल्या हायपोत टाकायला लावलात. त्याचा दुधाळपणा जाऊन तो काचेसारखा व्हायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत. तुकडा फारच रेंगाळायला लागला तर हायपो संपला समजायचं. वापरलेला हायपो मोरीत ओतू देत नाही, तेही बरोबरच. त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते, आणि तुमच्या दवाखान्यातून तो चांदीवाले विकत न्यायचे.

पण खरे आभार मानायचेत ते मिरकरवाडा बंदरावरच्या त्या रोलबद्दल. होड्या, जाळी, लिलावाची गर्दी, सगळ्या फ्रेम फिक्या आल्या होत्या. मी म्हटलं डेव्हलपर खराब झाला असेल, नवीन पाकीट आणतो. तुम्ही पट्टी खिडकीशी धरलीत, छातीचा एक्स-रे धरतात तशी, आणि फोटोंकडे बघितलंच नाहीत. बघितलात तो काठ.

"हे आकडे कुणी काढले?" तुम्ही विचारलंत.

फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेलं असतं. आपण कॅमेऱ्यात काय केलं याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो. ते दिसतात ते फक्त धुतल्यावर. म्हणजे आकडे काळेभोर असतील तर धुणं नीट झालंय, आणि तेही फिके असतील तर डेव्हलपर, वेळ किंवा तापमान यांपैकी काहीतरी बिघडलंय. माझे आकडे काळेभोर होते. "धुण्यात काही नाही. तुझा कॅमेरा दाखव कुणालातरी," एवढंच म्हणालात आणि भाजी निवडायला बसलात.

निघालं ते सेलचं. साठच्या दशकातल्या कॅमेऱ्यांतले उजेड मोजायचे मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेले. पाऱ्यावर बंदी आल्यावर ते सेल गेले आणि आता त्याच मापाचे १.५ व्होल्टचे मिळतात. माझ्या कॅमेऱ्यात त्याने सुई जास्त सरकायची, मीटरला आहे त्यापेक्षा जास्त उजेड वाटायचा आणि फिल्म उपाशी राहायची. आणि निगेटिव्हमध्ये सावली म्हणजे पारदर्शक भाग. तिथे प्रकाश पोचलाच नसेल तर डेव्हलपरमध्ये तासभर ठेवा, काही उगवत नाही. लॅबने पाठवलेल्या स्कॅनमध्ये हे मला कधीच कळलं नसतं. तिथे मशीन फिका फोटो आपोआप उजळून देतं, आपल्याला वाटतं फिल्मला दाणे फार.

आता मीटरचा सेल काढूनच ठेवलाय. ४०० च्या फिल्मला भर उन्हात लेन्सचं तोंड एफ १६ वर (आकडा मोठा तितकं तोंड लहान) आणि शटर सेकंदाचा पाचशेवा भाग, ढगाळ हवेत एफ ८, आषाढात मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर एफ ४ सुद्धा. शंका आली तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, जास्तच द्यायचा. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश पचवते, कमी पडलेला नाही. परवा धुतलेल्या रोलचे आधी आकडे बघितले, मग फोटो.

हायपोचा कॅन भरत आलाय. न्यायला अजून कुणी येतं का, तेवढं जुन्या ओळखीत विचारून ठेवा. आणि शनिवारी दोन रोल घेऊन खाली येतोय. फ्रीजमध्ये बर्फ लावून ठेवाल ना?

तुमचा नम्र,
वरच्या मजल्यावरचा