काकूंचं दार

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र परवा मिळालं. डबा खाताना एकाने सगळ्यांदेखत 'बाटायला किती मिळाले?' म्हणून विचारलं आणि तू मान खाली घालून पोळी संपवलीस, हे वाचून माझाच घास अडकला. 'यापुढे येशूचं नाव घरात आणि चर्चमध्ये, बस' असं तू लिहिलंयस. रागावू नकोस, पण ते मला पटलं नाही.

मागच्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला प्रार्थनेला बोलावलं. गुडघ्यांमुळे त्या अंथरुणालाच खिळल्यात. मी त्यांचा हात हातात घेऊन प्रार्थना करत होतो, हाताला बामचा वास येत होता. तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. तो काय काय बोलला ते लिहीत नाही. दंड धरून त्याने मला जिन्यापर्यंत आणलं.

रात्रभर मनात उत्तरं जुळवत होतो. कॉलेजात मी असाच वाद घालायचो, आठवतं? समोरचा गप्प झाला की मला वाटायचं, साक्ष दिली. त्यातून एकही जण ख्रिस्ताजवळ आला नाही. दोन मित्र मात्र कायमचे तुटले.

सकाळी पुन्हा वर गेलो. पाय कापत होते. म्हटलं, "दादा, तुम्हाला न विचारता आलो, चुकलं. काकूंना मी पैसे दिले नाहीत, धर्म सोडा असंही म्हटलं नाही. पण येशू माझा तारणारा आहे आणि कुणी विचारलं तर मी ते लपवणार नाही. रात्री-अपरात्री रिक्षा, औषध काही लागलं तर हाक मारा. त्याचा माझ्या धर्माशी संबंध नाही." त्याने दार लावून घेतलं.

मला कवी नारायण वामन टिळकांची आठवण येते. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. संसार मोडेल हे दिसत असूनही १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही आपलं सोवळं पाळत होत्या आणि टिळकांनी ते पाळू दिलं. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. मधल्या त्या वर्षांचा मी फार विचार करतो. टिळकांनी विश्वास लपवला नाही आणि बायकोवर लादलाही नाही. इतक्या तापट माणसाला ते किती जड गेलं असेल!

म्हणून सांगतो, डब्याच्या वेळच्या त्या मित्राशी भांडू नकोस, पण त्याच्यापासून तोंडही लपवू नकोस. उद्या त्याच्याच शेजारी बस. पुन्हा विचारलं तर तुला येशू कसा भेटला ते सांग. वडील गेले ती रात्र सांग, मला सांगितलीस तशी. त्याच्यासाठी मीही रोज प्रार्थना करतोय.

काकूंचा मुलगा अजून बोलत नाही. जिन्यात भेटला की मी नमस्कार करतो, तो मान फिरवतो. काल त्यांच्या दारावरून जाताना आतून काकूंनी विचारलं, "कोण आहे रे?"

"मी, काकू," म्हटलं आणि पुढे गेलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकमित्र