खाऱ्या हवेतले बोर्ड आणि कीकॅड ९

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘कीकॅड’ या मुक्तस्रोत पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) डिझाइन सॉफ्टवेअरची नववी आवृत्ती फेब्रुवारी २०२५मध्ये आली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पंपाचे स्टार्टर, कोळंबीच्या तळ्यांवरचे एरेटर, बोटींवरचे चार्जर यांचे बोर्ड काढणाऱ्यांनी आणि पॉलिटेक्निकच्या लॅबनी ती एका गोष्टीसाठी तरी घ्यावीच. डीआरसीमध्ये, म्हणजे बोर्ड नियमांत बसतो का हे पाहणाऱ्या तपासणीत, आता क्रीपेज तपासता येतं.

दोन पॅडमधलं (पाय डाखायच्या तांब्याच्या जागांमधलं) हवेतलं अंतर म्हणजे क्लिअरन्स. बोर्डाच्या पृष्ठभागावरून जाणारी सर्वांत जवळची वाट म्हणजे क्रीपेज. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बोर्डावर बसतं, पावसाळ्यात ओल धरतं आणि त्याच वाटेने करंट झिरपून एफआर-४, म्हणजे बोर्डाचं काचतंतूंचं साहित्य, करपत जातं. आयईसी ६०६६४ या इन्सुलेशनच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साध्या एफआर-४वर २५० व्होल्टला एरवीच्या घरगुती जागेत २.५ मिमी पुरतं, दमट-मळक्या जागेत ४ लागतं. मेन्स (घरातली वीज) आणि माणसाचा हात लागेल अशी लो-व्होल्टेज बाजू यांच्यात त्याची दुप्पट, म्हणजे ८ मिमी. किनाऱ्यावर ८च धरावं.

हा नियम आपोआप लागत नाही, आणि तो लिहिला नाही तर डीआरसी शून्य चुका दाखवून मोकळी होते. मेन्सच्या नेटना (जोडण्यांना) वेगळा नेटक्लास, म्हणजे वेगळा गट, द्या, बोर्ड सेटअपच्या कस्टम रूल्समध्ये क्रीपेज किमान ८ मिमी लिहा. कन्स्ट्रेंट्समध्ये ग्रूव्ह विड्थ (खाचेची किमान रुंदी) १.५ मिमी ठेवा. दमट जागेत त्याहून अरुंद खाच मानकात मोजत नाहीत.

आता ऑप्टोकप्लर बघा, म्हणजे मेन्स आणि लो-व्होल्टेज बाजू वेगळ्या ठेवून प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग. नेहमीच्या चार पायांच्या डिप पॅकेजमध्ये पायांच्या दोन ओळींत ७.६२ मिमी अंतर, १.६ मिमीचे पॅड वजा केले की उरतात जेमतेम ६. खाली स्लॉट कापला तरी तो पॅडच्या दोन्ही टोकांपलीकडे गेला पाहिजे, नाहीतर वाट वळसा घालून जाते. किंवा ओळींत १०.१६ मिमी अंतर असलेला प्रकार घ्या. छोट्या निळ्या रिलेत मेन्स जोडायची कॉमनची पिन लो-व्होल्टेज कॉइलच्या दोन पिनांच्या मध्येच येते, तिथे तर अंतर आणखी कमी.

एक सावधगिरी. ९मध्ये सेव्ह केलेली फाइल ८मध्ये उघडत नाही. आधी फोल्डरची प्रत काढा. विंडोजवर दोन्ही आवृत्त्या शेजारी राहतात, पण लॅबमधली सगळी मशिनं एकाच दिवशी बदला; अर्धी जुनी राहिली तर मुलांच्या फाइली सबमिशनच्या तोंडावर अडकतील.

आपले,
पीसीबी डिझाइन शिकवणारे काही वाचक, मालवण