रिक्षाचे मायलेज किलोवर मोजा

महोदय,
रिक्षाभाडेवाढीच्या मागणीची बातमी वाचली. भाड्याच्या हिशेबात कंपनीने सांगितलेले मायलेज धरू नये. ते जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर मोजावे. सीएनजी किलोने विकला जातो, पण अनेक चालक ‘एका टाकीत किती धावली’ एवढेच पाहतात. मे महिन्याच्या उन्हात तापलेली टाकी २०० बार दाबाला भरते, तरी वायू वजनाने कमी बसतो. मग मायलेज उगाच घटल्यासारखे वाटते. त्याऐवजी पहिली भरणी सोडून पुढच्या चार-पाच पावत्यांवरील किलोंची बेरीज करावी आणि तेवढ्या काळातील किलोमीटरना तिने भागावे. त्याआधी किलोमीटरचा काटा महामार्गावरील दगडांशी पडताळावा, टायरची हवा तपासावी. रिकाम्या फेऱ्या आणि थांब्यावर सुरू ठेवलेले इंजिन वगळले, तर चालकावर अन्याय होईल.
– एक वाचक, जळगाव