अन्या, पैज अर्धी हरलो

वास्को, रविवार

प्रिय अन्या,

सप्रेम नमस्कार. चार महिने उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा आहे तसाच, साखर ठीक.

काल बोगमाळोच्या नौदल विमानांच्या म्युझियममध्ये अलिझेसमोर, आपल्या त्या पाणबुड्या शोधणाऱ्या विमानासमोर, एका पोराने बापाला विचारलं, "हे पळालं का नाही?" बाप म्हणाला, "बेसावध असतील." हा शब्द रात्रभर टोचत राहिला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला उद्योग नाही.

१० डिसेंबर १९७१. पाकिस्तानशी युद्ध चालू. आदल्या रात्री दीवजवळ त्यांच्या हँगोर पाणबुडीने आपली युद्धनौका खुकरी बुडवली होती, १९४ माणसं गेली. हँगोरचा शोध सुरू. पाण्याखालून ५ नॉटने (तासाला ५ सागरी मैल) सरकणारी पाणबुडी १२ तासांत ६० सागरी मैल जाते, म्हणजे शोधायचा टापू ११ हजार चौरस मैलांच्या वर. त्यात ती घरी जाणार कराचीला. तिच्या वाटेवर जितकं पुढे जाशील तितका कराचीचा मसरूर विमानतळ जवळ, आणि तिथे स्टारफायटर, म्हणजे त्यांची एफ-१०४ लढाऊ विमानं. अरबी समुद्रावर टेहळणीला गेलेलं आपलं अलिझे विंग कमांडर आरिफ इक्बालच्या एफ-१०४ ने पाडलं. अशोक रॉय, सिरोही, विजयन, तिघंही गेले.

आता तुझी गिरकी. वीस वर्षं तू म्हणतोस, वळत राहिले असते तर वाचले असते, आणि मी तुला वेड्यात काढतो. परवा कागद घेऊन बसलो. अलिझे २०० नॉटवर ६० अंश कललं तर वळणाची त्रिज्या साधारण ६२० मीटर. स्टारफायटर ४०० नॉटवर ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट जोर, ओढूनही ११०० मीटरच्या आत येत नाही. त्याचे पंख म्हणजे पोळपाटाएवढे, हळू झाला की पडेल. म्हणजे तो आपल्या वळणात शिरू शकत नाही, सरळ येऊन एक फटका मारून पुढे निघून जातो. पाण्याला चिकटून वळत राहिलं तर त्याला नाक फार खाली घालताही येत नाही. इथवर तू बरोबर. शिर्केला सांगू नकोस, शंभराची पैज आहे.

पण त्या एका फटक्याचा हिशोब बघ. मागून आला तर दोघांच्या वेगातला फरक २०० नॉट, सेकंदाला १०० मीटर. ९०० मीटरवरून ३०० वर यायला ६ सेकंद. त्याची व्हल्कन तोफ सेकंदाला शंभर गोळे फेकते, पेटीत ७२५. अर्धा सेकंद घोडा दाबला तरी पुरे. वळायचं तर ते त्या ६ सेकंदांच्या आधी, आणि त्यासाठी तो दिसायला हवा. दिसणार कुणाला? अलिझेचा रडारचा घुमट पोटाखाली उतरतो, तो पाण्यावर पाणबुडीची हवा घ्यायची नळी शोधतो. तिसरा माणूस आडवा बसून पडद्यात डोळे घालून. शेपटीकडे बघायला कुणी नाही, तोफ नाही, इजेक्शन सीटही नाही. बेसावध कसले, रचनाच तशी. ते विमान पाणबुडीसाठी बांधलेलं, मागून कुणी येईल हे त्याच्या नकाशातच नव्हतं.

किनाऱ्यावरून कुणी ओरडून सांगेल म्हणशील. रडारची थाळी २० मीटर उंच, विमान १५० मीटरवर, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ७० किलोमीटरच्या पलीकडे दोघंही गायब.

सोबतीला लढाऊ विमानं का नव्हती, हे आपलं जुनंच भांडण. नौदलाची सी हॉक लढाऊ विमानं विक्रांत या विमानवाहू नौकेवर, पूर्वेला. मिग-२१ ची जोडी जागेवर पंचवीस मिनिटं टिकते असं धर, अलिझे चार तास फिरणार; एका फेरीला दहा जोड्या! कोण देणार? बघ, १२ तारखेला आपल्या सोनीने मिग-२१ मधून पाकिस्तानी वैमानिक मिडलकोटचा स्टारफायटर कच्छच्या आखातावर पाडला, कारण तो जामनगरवर आला होता आणि मिग तिथेच होती. सोनीची मिग विमानतळाजवळ, आपलं अलिझे भर समुद्रात. म्हणून मी कुणाला दोष देत नाही, तू मात्र देतच राहणार, माहितीये.

अरे हो, धाकटीचं ठरलं म्हणे! अभिनंदन. पत्रिका वेळेवर टाक, आणि यंदा आंब्याची पेटी पाठवताना वर्तमानपत्राऐवजी पेंढा घाल, मागच्या वेळी निम्मे डागी निघाले. बाकी वहिनींना नमस्कार.

मागच्या पानावर दोन वर्तुळं काढली आहेत, लहान आपलं, मोठं त्याचं. चुकलं असेल तर पेन्सिलने दुरुस्त कर, लाल शाई नको.

तुझा,
बाळ्या