मूठ आवळायला सांगणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. मायच्या केसपेपरवर तुमची सही आहे, पण ती कुणालाच वाचता येत नाही. मी आता अंबाजोगाईला त्याच सरकारी दवाखान्याच्या स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजात (स्वारातीत) एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो कागद घेऊन ओपीडीतल्या सिस्टर, जुने मामा, रेकॉर्डवाले, सगळ्यांकडं जाऊन आले. "2017 म्हणजे किती बॅचा होऊन गेल्या, बाळा," असं म्हणतात. तुम्ही तेव्हा पीजी करत असाल, पुढं कुठं गेलात ते कुणाला सांगता येईना. म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. कुठंतरी वाचाल.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. ऊसतोडीची टोळी निघायला पंधरा दिवस राहिलेले. मायचं वय बत्तीस. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. फडावर पहाटे अंधारात उठून तोडायला लागायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, आणि जिथं प्यायला पाणी नाही तिथं पाळीचं कापड धुवायला कुठलं? गावातल्या डॉक्टरनं चिठ्ठी देऊन तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि बोलले ते दादांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी. "पिशवी खराब झालीय, काढून टाका. कॅन्सर होईल नाहीतर. दोन लेकरं झालीत ना, मग ठेवून काय करायचीय?" मायकडं त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. 35 हजार सांगितले. टोळीच्या मुकादमानं ते उचलीत, म्हणजे हंगामाआधी देतात त्या आगाऊ पैशांत, धरून द्यायची तयारी लगेच दाखवली, कारण पाळी नाही तर खाडा नाही. दादांनी कागदावर सही केली. तारीखही ठरली.

मी आठवीत होते. त्या बाकड्यावर मायच्या शेजारी बसले होते आणि मला एवढंच कळत होतं की सगळे मायबद्दल बोलतायत आणि मायला कुणी काही विचारत नाही.

मावशी आडवी आली म्हणून आम्ही अंबाजोगाईला आलो. तिची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढलेली. तेव्हापासून कंबर धरून चालते, रात्री अंगाची लाही होते म्हणून उठून बसते. ती म्हणाली, "माझं झालं ते झालं, हिला आधी सरकारी दवाखान्यात दाखवा."

पुढचं तुमच्या लक्षात नसेल. तुमच्यासाठी ती त्या दिवसाची एक पेशंट होती आणि रांग दारापर्यंत होती. तुम्ही तपासलंत, नमुना घेतलात, जुने रिपोर्ट पाहिलेत. मग स्टूल ओढून मायच्या समोर बसलात आणि म्हणालात, "ताई, मूठ आवळा."

मायला वाटलं इंजेक्शन देणार. तिनं घाबरून मूठ आवळली. तिचे हात तुम्ही पाहिलेत ना मॅडम, कोयत्यानं पडलेले घट्टे, भेगांत बसलेला उसाचा काळा रंग, अंगठ्यावरचा जुना वार. ती पाहुण्यांसमोरसुद्धा हात पदराखाली घेते. तुम्ही ती मूठ तुमच्या दोन्ही हातांत धरलीत आणि तशीच धरून बोललात. "पिशवी एवढीच असते, तुमच्या मुठीएवढी. तिच्या खाली सूज आलीय, गोळ्यांनी जाईल. पिशवीला काही झालेलं नाही. आणि ती ठेवायची की काढायची, हे उद्या कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं." मग दादांकडं वळून म्हणालात, "गोळ्या तुम्हालाही घ्याव्या लागतील, नाहीतर हिला परत होईल." दादा लाजले, पण घेतल्या.

दोन मिनिटं लागली असतील. मायनं तोवर तिच्या पोटात काय आहे, केवढं आहे, हे कधी ऐकलंच नव्हतं. दोन बाळंतपणं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं. एसटीत ती खिडकीशी बसून सारखी मूठ उघडून बघत होती, परत मिटत होती. तुमच्या गोळ्यांनी पांढरं जायचं थांबलं. त्या हंगामात फडावरच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, तिनं टोळीतल्या बायकांना मूठ आवळायला लावली. त्यातल्या दोघींनी ऑपरेशनच्या आधी सरकारी दवाखाना गाठला.

2019 साली सगळ्या महाराष्ट्राला बीडच्या बायकांबद्दल कळलं. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगीत हे ऑपरेशन करायचं नाही, असा नियम आमच्या जिल्ह्यात आला. तो आकडा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तुम्ही मायला कशातून बाहेर काढलंत.

आता शिकतेय म्हणून त्या पहिल्या डॉक्टरांचा राग कमी होण्याऐवजी वाढलाय. पांढरं जाणं बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं मी कसं मानू? तिशीत अंडाशयंही काढली तर हाडं वेळेआधी झिजतात, हेही त्यांनी परीक्षेत लिहिलंच असेल. चिठ्ठी देणाऱ्याला त्या 35 हजारांतून काही मिळणार होतं का, ते मला सिद्ध करता येणार नाही. पण पेशंट पाठवल्याचं कमिशन घेणं-देणं चुकीचं आहे, हे मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. त्यांना 2013 साली एका तपासणी केंद्राकडून 1200 रुपयांचा चेक आला, तर त्यांनी तो परत केला आणि कौन्सिलकडं तक्रार केली. 1200 रुपये मुकाट्यानं ठेवून घेतले असते तर कुणाला कळलंही नसतं. अशी माणसं याच मातीत होतात, मग आमच्या वाट्याला तो दवाखाना का आला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

लातूरला दोन वर्षं क्लास केले. मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा, 180 प्रश्न, 720 मार्क. पहिल्या वेळी हुकले, मायदादांनी आणखी एका हंगामाची उचल माझ्यावर लावली. तिथं सगळे मार्कांबद्दल बोलायचे, सीटबद्दल बोलायचे, पुढं कुठल्या शाखेत पैसा आहे त्याबद्दल बोलायचे. पेशंटचं नाव मी दोन वर्षांत एकदाही ऐकलं नाही.

मागच्या महिन्यात फॉरेन्सिकच्या तासाला सरांनी समिरा कोहली खटला शिकवला. तपासणीसाठी भूल दिलेली बाई, आणि ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय, अंडाशय काढलेले. सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली सांगितलं की बाई सज्ञान आहे, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, संमती तिचीच हवी होती. सरांनी विचारलं, संमती म्हणजे काय? पोरांनी व्याख्या सांगितली, बरोबर सांगितली. माझाही हात वर होता, पण मला बोलता आलं नाही. मला तुमचे दोन हात दिसत होते आणि मधे मायची मूठ.

परवा ओपीडीत पोस्टिंग होतं. एक बाई आली, परळीकडची, टोळीतलीच. रेसिडेंट मॅडम घाईत होत्या. त्यांना विचारून मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "मावशी, मूठ आवळा." माझा आवाज कापत होता.

मायला सांगितलं, तुम्हाला पत्र लिहितेय. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, हुरड्याला या." आजवर हुरड्याच्या दिवसांत आमचं घर बंद असायचं, आम्ही फडावर. यंदा पहिल्यांदाच माय-दादा गेले नाहीत, बटईनं दोन एकर ज्वारी पेरलीय. जानेवारीत कणसं भरतील. केजच्या स्टँडवर उतरलात की कुणालाही विचारू नका, मी घ्यायला येईन.

तुमची,
एक विद्यार्थिनी, ता. केज, जि. बीड