मेंदूच्या शस्त्रक्रियेतल्या एमआरआयसाठी मदत करा

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

पूर्व भागातलं आमचं मंडळ दरवर्षी उत्सवाची वर्गणी मागायला येतं. यंदा वेगळ्या कामासाठी हात पसरतो आहोत. मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या एमआरआयचा खर्च उचलायचा आहे.

"गाठ काढली ना, मग परत एमआरआय कशाला?" असं घरचे विचारतात. पैसे संपत आल्यावर कुणीही विचारेल. पण गाठ काढताना तिला चिकटलेली एखादी बारीक रक्तवाहिनी आखडते किंवा बंद पडते आणि तेवढ्या भागाचं रक्त तुटतं. हा पक्षाघातच. भुलीत असलेला माणूस हात उचलत नाही हे सांगणार कसा? सीटी स्कॅनमध्ये सुरुवातीच्या तासांत तो बहुधा दिसतही नाही. एमआरआयमधली 'डिफ्युजन' तपासणी मात्र सुजलेल्या पेशींत अडकलेलं पाणी टिपते आणि तो भाग पांढराशुभ्र उमटतो.

बोस्टनमध्ये १९९४ साली शस्त्रक्रिया चालू असतानाच एमआरआय काढायची सोय झाली. आज आपल्या देशातल्याही काही मोठ्या रुग्णालयांत ती आहे. कवटी उघडी असतानाच रक्त तुटलेलं दिसलं, तर रक्तदाब वाढवता येतो, आखडलेल्या रक्तवाहिनीवर औषध सोडता येतं, पुढचं कापणं थांबवता येतं. दरवेळी नुकसान टळतंच असं नाही. पण टाळायची संधी तरी मिळते. जिथे ही सोय नाही, तिथे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत एमआरआय काढतात. पैशांअभावी नेमका तोच राहून जातो.

विडी घरकुलातली एक ताई नवऱ्याचे कागद घेऊन आमच्याकडे आल्या. कॅरीबॅगमध्ये गुंडाळी केलेल्या फिल्म, सगळ्या शस्त्रक्रियेआधीच्या. आता नव्या एमआरआयमध्ये डाग दिसतोय. रक्त तुटलेली जागासुद्धा काही आठवड्यांनी इंजेक्शन देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये चमकते आणि गाठ परत आल्यासारखी वाटते. शस्त्रक्रियेनंतर लगेचची फिल्म असती तर डॉक्टरांनी शेजारी ठेवून पाहिली असती. ती नाही, म्हणून हे घर पुढच्या तपासणीपर्यंत जीव मुठीत धरून बसलं आहे.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा मोठा आधार आहे. तरी योजनेत न बसणाऱ्या तपासण्या, सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं आणि बुडालेली मजुरी उरतेच. यंत्र विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, त्याला कोट्यवधी लागतात. एका रुग्णाची एक तपासणी मात्र एका गल्लीला सहज जमेल.

रक्कम कितीही चालेल. ती रुग्णाच्या हाती न देता थेट रुग्णालयात भरू आणि पावतीची प्रत मंडळाच्या फलकावर लावू. पुण्या-मुंबईत कुणाचे नातेवाईक असतील, तर नातलगांसाठी दोन रात्रींची सोय बघा. डॉक्टरांचं म्हणणं तेलुगू किंवा कन्नडमधून समजावून सांगणारे सोबतीही हवे आहेत. आपल्या भागातल्या अनेक आया-बायांना मराठी कागद वाचता येत नाही.

मंडळाचं कार्यालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. घरात असा रुग्ण असेल, तर सगळ्या जुन्या फिल्म घेऊन या. घडी घालू नका, सपाट ठेवा.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते, सोलापूर